मधलं इंजिन: वह्या, कॅसेट आणि फोटोंचं काम (प्रकल्प नोंदी, नागपूर)

२६ ऑक्टोबर २०२५

कामाला आजपासून सुरुवात. काम नेमकं काय ते आधी लिहून ठेवतो म्हणजे मधेच भरकटायला होणार नाही. माझ्या आणि मामांच्या मिळून बऱ्याच जुन्या वह्या आहेत, अल्बम आहेत, निगेटिव्हची पाकिटं आहेत आणि मामांच्या काही कॅसेट आहेत, सगळं मालगाड्यांचं. त्यातून एकच गोष्ट वेगळी काढायचीय, ज्या ज्या मालगाडीला पुढच्या इंजिनाशिवाय मधे किंवा मागे आणखी इंजिन होतं त्या गाड्या. कुठं दिसली, कोणत्या क्लासचं इंजिन, मधलं की मागचं, चालू होतं की डेड, वॅगन कोणत्या, भरलेल्या की रिकाम्या. एक्सप्रेस गाड्या, नवीन रंगसंगती, वंदे भारत वगैरे सगळं सध्या बाजूला.

हेच का, तर गाडी येताना दिसली की सगळे पुढच्या इंजिनाचा फोटो काढतात, नंबर लिहितात आणि कॅमेरा खाली करतात. वॅगन जात राहतात, लोक गप्पा मारत राहतात, आणि अर्ध्या किलोमीटरनंतर मधलं इंजिन येऊन निघून जातं त्याचा नंबर कोणाकडेच नसतो. पुढच्या इंजिनांचे हजारो फोटो आहेत सगळ्यांकडे. मधल्या इंजिनाचं रेकॉर्ड नाही म्हणजे ती गाडी कशी चालली याचंच रेकॉर्ड नाही असं मला वाटतं, आणि हे काम नागपूरवाल्यांनी नाही करायचं तर कोणी करायचं, एका बाजूला सातपुड्याचे घाट आणि दुसऱ्या बाजूला बिलासपूर-कोरबाचा कोळसा.

२९ ऑक्टोबर

वह्या बाहेर काढल्या. मामांची सगळ्यात जुनी वही टेलिफोन खात्याची, मागच्या कोऱ्या पानांवर गाड्या. शाई पसरलीय पण वाचता येते. पुतण्या म्हणाला काका आधी सगळं मोबाईलवर स्कॅन करू मग वाचत बसू. बरोबर आहे त्याचं.

२ नोव्हेंबर

एक्सेल शीट तयार. कॉलम ठरवण्यात पूर्ण रविवार गेला कारण "मधलं इंजिन" असं नुसतं लिहून भागत नाही, वह्यांमधे तीन-चार वेगळे प्रकार एकाच नावाखाली आलेत. ते असे सोडवले.

पहिला प्रकार म्हणजे दोन रेक (रेक म्हणजे एका मालगाडीच्या वॅगनची पूर्ण माळ) जोडून केलेली लांब गाडी, ज्याला आपल्याकडे सगळे पायथन म्हणतात. यात पुढे इंजिन, मग पहिली रेक, मग पहिल्या रेकची ब्रेकव्हॅन म्हणजे शेवटचा गार्डचा डबा, तिच्या मागे लगेच दुसऱ्या गाडीचं इंजिन, मग दुसरी रेक आणि शेवटी तिची ब्रेकव्हॅन. म्हणजे मधलं इंजिन मुद्दाम शंटिंग करून मधे घातलेलं नसतं, दुसरी गाडी आहे तशी येऊन जोडली जाते आणि तिचं इंजिन आपोआप मधे येतं. बाहेरच्या देशांत रेक तोडून मधे इंजिन घालायची पद्धत होती, आपल्याकडची ही सोय साधी आहे आणि यार्डात वेळ कमी जातो, पुढे गेल्यावर परत दोन गाड्या वेगळ्या करायला पण सोपं.

दुसरा प्रकार घाटातला बँकर, तो मागून ढकलतो. हा मधला नाही पण तरी शीटमधे घेतलाय, वेगळ्या कॉलममधे, कारण काम एकाच जातीचं आहे.

तिसरा प्रकार डेड इंजिन. बिघडलेलं किंवा शेडला चाललेलं इंजिन गाडीला लावून नेतात. नवीन मुलं हे पाहून मधलं इंजिन मधलं इंजिन करत नाचतात. ओळखायची खूण सोपी, पेंटोग्राफ बघायचा, म्हणजे इलेक्ट्रिक इंजिनाच्या छतावरचा वायरला टेकणारा सांगाडा. खाली असेल तर ते नुसतं ओझं. वर असेल आणि ब्लोअरचा (आतल्या मोटारी थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा) आवाज येत असेल तर काम करतंय. म्हणून फोटो काढताना इंजिनाचं छत आणि वायर दोन्ही फ्रेममधे हवंच, माझे जुने फोटो चाळताना जिथं छत दिसतंय तिथं दोन सेकंदात निकाल लागतो.

८ नोव्हेंबर

आज आमच्या लेआऊटमधल्या निवृत्त लोको पायलट काकांकडे जाऊन बसलो. नाव लिहीत नाही, त्यांनी सांगितलं नाव नको, बाकी जे लिहायचं ते लिही. आधी डिझेल, मग वॅग-५, मग वॅग-९ (दोन्ही मालगाडीची इलेक्ट्रिक इंजिनं), सगळं चालवलेला माणूस. काकूंनी तर्री पोहे दिले आणि आम्ही दुपारपर्यंत उठलोच नाही.

मी विचारलं, काका दोन रेक जोडल्या की मधलं इंजिन ताकदीसाठीच ना? तर म्हणाले, "लोकाईले तसंच वाटते. ताकद लागतेच, पण ताकद तं दोन्ही इंजिनं पुढं लावूनही भेटते नं. मधे कायले ठेवतेत ते समजून घे. कपलिंग अन हवा. हे दोन सांभाळायसाठी हाय ते मधे."

हे दोन शब्द लिहून घेतले, कपलिंग अन हवा. पुढचं सगळं यातूनच उलगडत गेलं.

मग त्यांनी न्यूट्रल सेक्शनचं सांगितलं, जे मी कधी विचारात घेतलंच नव्हतं. पंचवीस हजार व्होल्टच्या वायरमधे ठरावीक अंतरानंतर एक छोटा तुकडा बिनकरंटचा असतो, तिथं पोचायच्या आधी पायलटनं डीजे (इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर) ओपन करून करंट तोडायचा, पार झाल्यावर परत जोडायचा. साध्या गाडीत हे काही सेकंदांचं काम. पण मधलं इंजिन सातशे मीटर मागं असेल आणि गाडी तीसच्या स्पीडनं चालली असेल तर पुढचं इंजिन पार झाल्यानंतर जवळजवळ दीड मिनिटानं मधलं तिथं पोचतं. म्हणजे पुढचं ओढायला लागलेलं असतं, मग थोड्या वेळानं मधलं हात सोडतं, गाडीचा ताण बदलतो, मग परत ते पकडतं. मधल्या इंजिनात क्रू असायचा तेव्हा दोघं वॉकीटॉकीवर बोलत राहायचे. काका म्हणाले पुढचा जो बोलतो तेच मधल्यानं करायचं, आपलं डोकं नाई लावायचं, अन आवाज कटला तं हात नॉचवर (ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यावर) ठेवून गेजकडं पाहत राहायचं, ब्रेक पाईपचं प्रेशर पडलं की समजायचं पुढच्यानं ब्रेक मारला.

मधल्या इंजिनातून काय दिसतं असं विचारलं. "समोर ब्रेकव्हॅनची भिंत." एवढंच म्हणाले आणि थोडा वेळ गप्प बसले. सिग्नल दिसत नाही, रूळ दिसत नाही, फाटक आलं ते बाजूनं गेल्यावर कळतं. रात्रभर तसं बसून गाडी ओढायची. या माणसांबद्दल कोणी काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

९ नोव्हेंबर

काकांनी सांगितलेलं कागदावर गणित करून पाहिलं, पुतण्या शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन.

भरलेली बॉक्सएन वॅगन (वरून उघडी, कोळशाची) ८१ टनांच्या थोडी वर. ५९ वॅगनची रेक धरली तर साधारण ४,८०० टन. चढ १०० ला १ असेल (शंभर मीटर पुढं गेलं की एक मीटर वर) तर नुसत्या चढासाठी ४८ टनांचा ओढ लागतो, चाकांचं घर्षण वेगळं. आणि वॅग-९ सुरुवातीला जास्तीत जास्त ओढते ४६० किलोन्यूटन, म्हणजे ४७ टनांच्या आसपास. म्हणजे शंभराला एकच्या चढावर भरलेली एक रेक एकटी वॅग-९ उभ्यापासून उचलू शकत नाही, गणितातच बसत नाही. आणि भोर घाट, थळ घाट हे तर ३७ ला १, तिथं हीच रेक नेली तर १३० टनांचा ओढ, म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला मागून बँकर लावल्याशिवाय गाडी वर जात नाही.

आता दोन रेक जोडल्या, ९,६०० टन, चढ २०० ला १ चा. परत ४८ टन. दोन्ही इंजिनं पुढं लावली तर हे सगळे ४८ टन पहिल्या वॅगनच्या कपलिंगमधून जाणार, शेवटच्या कपलिंगवर जवळपास काहीच नाही. एक इंजिन मधे आलं की पुढच्यानं आपले २४ ओढायचे, मधल्यानं आपले २४. कपलिंगवरचा ताण सरळ अर्धा. वळणावर तर याहून महत्त्वाचं, कारण लांब गाडी फक्त पुढून ओढली की वॅगन वळणाच्या आतल्या बाजूला खेचल्या जातात, रिकाम्या हलक्या वॅगन मधे असतील तर चाक रुळावरून उचललं जाऊ शकतं. उलट मागून फार जोरानं ढकललं तर बाहेर फेकल्या जातात. मधलं इंजिन या दोन्हीच्या मधला मार्ग काढतं.

दुसरी गोष्ट हवा. ब्रेक पाईपमधे ५ किलोचं प्रेशर असतं, पायलट ते कमी करतो तेव्हा ब्रेक लागतात, आणि प्रेशर कमी झाल्याची खबर पाईपमधूनच मागं मागं जाते. ती आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं जाऊच शकत नाही. २.८ किलोमीटरची गाडी असेल तर अगदी आवाजाच्या वेगानं गेली तरी शेवटच्या वॅगनला कळायला ८ सेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त. पन्नासच्या स्पीडनं ८ सेकंदात गाडी शंभर मीटरच्या वर पुढं गेलेली असते. या वेळात पुढच्या वॅगन थांबायला लागल्यात आणि मागच्या अजून धावतायत, मग मागच्या येऊन पुढच्यांवर आदळतात. ब्रेक सोडताना तर अजून उशीर, कारण पूर्ण पाईप आणि प्रत्येक वॅगनची टाकी परत भरायची असते. मधलं इंजिन पण त्याच वेळी हवा सोडू आणि भरू शकलं तर हे अंतर अर्ध्यावर येतं.

पुतण्या म्हणाला म्हणजे काका मधलं इंजिन ही गाडीची गाठ नाही, गाडीचं दुसरं हृदय आहे. वाक्य त्याचं आहे, मला आवडलं म्हणून ठेवलं.

१२ नोव्हेंबर

स्कॅनिंग चालू. १९९० च्या दशकातल्या माझ्या वह्या संपत आल्या. तेव्हा सायकलवर कळमन्याला जायचो, परीक्षा संपली की पोट्टे क्रिकेटला आणि मी वही घेऊन फाटकावर. बहुतेक नोंदी "वॅग-५ जोडी, बॉक्सएन, भरलेली" अशाच. मधल्या इंजिनाची नोंद क्वचित, आणि जिथं आहे तिथं दोन्ही बाजूंना लाल पेननं चौकट. वडील स्कूटर बंद करून फाटकावर थांबायचे आणि घाई असली तरी कधी म्हणाले नाहीत चल आता.

१६ नोव्हेंबर

सकाळी कन्हान नदीच्या पुलाकडे. रेल्वेच्या हद्दीत जायचं नाही हा आमचा जुना नियम, रस्त्यावरूनच पाहायचं, नवीन पोरांनाही तेच सांगतो. थंडी चांगली होती, नदीवर धुकं, साडेआठपर्यंत नंबर वाचता येत नव्हते.

नऊच्या सुमाराला कामठीकडून रिकाम्या बॉक्सएनची लांब गाडी. पुढं वॅग-९, पुलावर चढली, वॅगन जात राहिल्या, रिकाम्या असल्या की आवाज पोकळ येतो, पुलावर तर जास्तच. मग ब्रेकव्हॅन, आणि तिच्या मागं परत वॅग-९, पेंटो वर, ब्लोअर चालू. कॅबच्या खिडकीत कोणी नाही. पुतण्यानं व्हिडिओ घेतला, छत आणि वायर दोन्ही फ्रेममधे, नंबर स्पष्ट. शीटमधे ही नोंद पूर्ण भरता आली.

कॅब रिकामी का, तर आता डिस्ट्रिब्युटेड पॉवरची वायरलेस सिस्टीम आलीय, डीपीडब्ल्यूसीएस. पुढचा पायलट नॉच वाढवतो, ब्रेक मारतो, ते रेडिओनं मधल्या इंजिनाला जातं आणि तेही तेच करतं. म्हणजे वॉकीटॉकीवर जे दोन माणसं करायची ते आता सिग्नल करतो, आणि हवा दोन्हीकडून एकदमच सुटते. कॅनडातल्या रॉकी पर्वतात कोळशाच्या गाड्यांना १९७० च्या दशकात अशी रेडिओवर चालणारी मधली इंजिनं होती, त्यांच्यासोबत रेडिओची यंत्रं ठेवलेला एक वेगळा डबा जोडायचे, त्याला रोबोट कार म्हणायचे. आता ते सगळं इंजिनातच एका पेटीत मावतं. मला ही सिस्टीम मनापासून चांगली वाटते. ब्रेकव्हॅनच्या भिंतीकडं बघत रात्र काढणं कोणाच्याही वाट्याला का यावं.

१९ नोव्हेंबर

ऑफिसात काम फार, काही झालं नाही.

२२ नोव्हेंबर

कॅसेटचं काम हातात घेतलं. मामा टेलिफोन खात्यात होते, ऐंशीच्या दशकात बदली बैतूलला, आणि त्यांच्याकडं एक टेपरेकॉर्डर होता जो ते सुट्टीच्या दिवशी घाटाकडं घेऊन जायचे. तेव्हा या लाईनीवर अजून वायर आली नव्हती, इटारसी शेडची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं सगळं ओढायची. मामा नेहमी सांगायचे की १९८७ च्या पावसाळ्यात लाईन काही तास बंद होती आणि उघडल्यावर दोन गाड्या जोडून एक करून सोडली होती, मधे डिझेल चालू स्थितीत, आणि ती त्यांनी टेप केलीय. घरात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. वहीत त्या दिवसाचं पान अर्धं फाटलेलं, इंजिनाचा नंबर नाही. म्हणजे पुरावा एकच, कॅसेट.

कॅसेटला बुरशी होती. सीताबर्डीला एक जुने रेडिओवाले आहेत, त्यांनी टेप दुसऱ्या कव्हरमधे चढवून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी जबरदस्तीनं दिले. लॅपटॉपवर घेतली. सुरुवातीला पाऊस, मग मामांचा तरुण आवाज, तारीख आणि जागा सांगतायत. मामा आता ऐंशीच्या पुढं, ऐकून म्हणाले, "हा कोण बोलून राहिला बाप्पा, मीच का?" आणि मग संपेपर्यंत डोळे मिटून ऐकत होते.

२३ नोव्हेंबर

आज पूर्ण दिवस हेडफोन लावून. हे काम एवढं सुंदर निघेल असं वाटलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितो.

मामा रुळाच्या जॉईंटजवळच्या रस्त्यावर उभे होते, त्यामुळं प्रत्येक चाकाचा ठोका ऐकू येतो. बॉक्सएनच्या एका बोगीला (बोगी म्हणजे इथं वॅगनखालचा चाकांचा सांगाडा, प्रत्येक वॅगनला दोन) दोन धुऱ्या, म्हणजे चाकांच्या दोन जोड्या, म्हणून ठोके दोन-दोनचे. टक-टक, टक-टक, थोडी गॅप कमी जास्त, कारण एकाच वॅगनच्या दोन बोगींमधलं अंतर जास्त आणि शेजारच्या वॅगनची बोगी जवळ. ही लय एकदा कानात बसली की वॅगन मोजता येतात. वॅगनची लांबी १०.७ मीटर, दहा वॅगनला तेरा सेकंद लागतायत, म्हणजे स्पीड तीसच्या आसपास.

सुरुवातीला डब्ल्यूडीएम-२ चा आल्को आवाज (आल्को या अमेरिकन कंपनीच्या डिझाईनचं हे डिझेल), जवळ येतो, ठोके तीन-तीनचे, कारण इंजिनाच्या बोगीला तीन धुऱ्या. मग आवाज लांब जातो आणि दोन-दोनची लय सुरू होते. बराच वेळ तेच. पाऊस, दोन-दोन, दोन-दोन. मग लय एकदम मोडते, एक सुटा ठोका, जरा थांबून आणखी एक सुटा ठोका. ही ब्रेकव्हॅन, चार चाकांची, दोनच धुऱ्या लांब लांब. आणि लगेच मागोमाग तीन-तीन, आणि त्या तीन-तीनच्या वर आल्कोचा धडधडता आवाज, एक्झॉस्टचा, पूर्ण जोरात. डेड इंजिन असतं तर तीन-तीनचे ठोके आले असते पण आवाज आला नसता. मग परत दोन-दोन, आणि सगळ्यात शेवटी दुसरी ब्रेकव्हॅन, परत दोन सुटे ठोके.

म्हणजे मामा बरोबर होते. दोन रेक, मधे ब्रेकव्हॅन, तिच्या मागं चालू डिझेल. फोटो नाही, नंबर नाही, पण गाडीची पूर्ण रचना ऐकून लिहून काढता आली. पुतण्यानं लॅपटॉपवर आवाजाचा ग्राफ काढला त्यात सुद्धा तीन-तीनच्या रेघा वेगळ्या उठून दिसतात. ग्राफचा प्रिंट काढून मामांच्या वहीत त्या फाटलेल्या पानाच्या जागी चिकटवला.

मामांना फोन करून सांगितलं. म्हणाले, मी काय खोटं बोलून राहिलो होतो का इतकी वर्षं. आवाजावरून खुशी कळत होती.

३० नोव्हेंबर

बैतूलला जाऊन आलो, सकाळची गाडी. मामांना यायचं होतं पण गुडघे साथ देत नाहीत, पुतण्या आला. मुद्दा होता बँकर प्रत्यक्ष पाहायचा.

नकाशा समजून घेतला की हे घाट कळतात. मुलताई-आमला-बैतूल हे सगळं सातपुड्यावरचं पठार, तापी मुलताईला उगम पावते म्हणजे तिथून पाणी खालीच जाणार. त्यामुळं रेल्वेला दोन्ही बाजूंनी चढावं लागतं. नागपूरकडून गेलं तर पांढुर्ण्याच्या पुढं तिगाव-चिचोंडा चढ, आणि इटारसीकडून आलं तर घोडाडोंगरीच्या पुढं धाराखोह ते मरामझिरी घाट. भरलेल्या जड गाडीला धाराखोहहून मागून बँकर लागतो.

घाटाच्या वरच्या बाजूला रस्त्यावर थांबलो, दुर्बीण होती. गाडी यायच्या बऱ्याच आधी आवाज येतो, पुढच्या इंजिनांचा, मग तो जवळ येतो आणि त्याच्या मागं दुसरा एक आवाज लांब दरीत चालू आहे हे लक्षात येतं. कपलिंगकडं दुर्बीण लावून बसलो. पुढच्या वॅगनची कपलिंग ताणलेली, मागच्या वॅगनची एकमेकांत दाबलेली, बफरसारखी. मधे कुठंतरी हे बदलतं, तिथं पुढच्यांचा ओढ संपतो आणि मागच्यांचा रेटा सुरू होतो. तिथल्या एक-दोन वॅगन अगदी निवांत चालल्या होत्या, ना ताण ना दाब. कागदावर वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग बँकर, ब्रेकव्हॅनला टेकलेला, पूर्ण जोरात.

वर पोचल्यावर बँकर सुटला आणि एकटा परत खाली गेला. त्याचा नंबर घेतला. आपल्या शीटमधे "परतीचा बँकर" हा कॉलम वाढवला कारण एकटं जाणारं इंजिन पाहिलं की ते कुठून आलं हे बहुतेक कोणी विचारत नाही.

७ डिसेंबर

दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या मोठ्या गाड्यांचं पान आज पूर्ण केलं, कारण नागपूर डिव्हिजनचं यात मोठं नाव आहे आणि आकडे सगळीकडे इकडचे तिकडे झालेत. २०२० च्या जूनअखेर सुपर अ‍ॅनाकोंडा, तीन भरलेल्या रेक, १५ हजार टनांच्या वर. त्यानंतर लगेच जुलै २०२० मधे नागपूर डिव्हिजनची शेषनाग, चार रिकाम्या बॉक्सएन रेक, इंजिनांचे चार संच, लांबी २.८ किलोमीटर. जानेवारी २०२१ मधे वासुकी, पाच रेक, भिलाई ते कोरबा, साडेतीन किलोमीटर. मग १५ ऑगस्ट २०२२ ला सुपर वासुकी, कोरब्याहून राजनांदगावपर्यंत कोळसा, सहा इंजिनं, २९५ वॅगन, एकूण वजन २५,९६२ टन. ही तीसच्या स्पीडनं फाटकावरून गेली तर सात मिनिटं फाटक बंद. ७ ऑगस्ट २०२५ ला पूर्व मध्य रेल्वेनं रुद्रास्त्र चालवली, ३५४ वॅगन, सात इंजिनं, साडेचार किलोमीटर.

सगळ्या जगात मोठी म्हणून ऑस्ट्रेलियातली २१ जून २००१ ची लोखंडाच्या दगडाची गाडी, ६८२ वॅगन, आठ इंजिनं गाडीभर वाटून लावलेली, ७.३५३ किलोमीटर. ती शीटमधे नाही, फक्त पानाच्या खाली नोंद.

माझं स्वतःचं मत विचारलं तर मला सुपर वासुकीपेक्षा रोजची दोन रेकची पायथन जास्त मोलाची वाटते. मोठी गाडी एकदा चालते, बातमी येते. दोन रेकची गाडी रोज एका गाडीच्या जागेत दोन गाड्या नेते, आणि नागपूर-गोंदिया-दुर्ग लाईनीवर जागेचीच तर मारामार आहे, एक्सप्रेस, मेमू, कोळसा सगळं त्याच रुळांवर. पण रोजची म्हणूनच तिची नोंद कोणी करत नाही.

१३ डिसेंबर

वॅग-१२बी चा कॉलम. मधेपुऱ्यात बनलेलं १२ हजार हॉर्सपॉवरचं दोन भागांचं इंजिन, १८ मे २०२० ला पहिल्यांदा कमर्शियल गाडी घेऊन निघालं, आणि त्याच्या देखभालीचा एक डेपो आपल्या नागपुरातच आहे, दुसरा सहारनपूरला. दोन भाग पक्के जोडलेले असतात म्हणून याला जोडी लिहायचं नाही, एकच इंजिन लिहायचं. पुतण्यानं आधीच्या नोंदी तपासून सारख्या केल्या.

यामुळं एक होणार असं दिसतंय, पुढंच एवढी ताकद आल्यावर एका रेकच्या गाडीला कमी चढावर बँकर लागायची गरज कमी होत जाईल. पण दोन-तीन रेक जोडल्या की हवेचं गणित तेच राहतं, पुढं कितीही हॉर्सपॉवर लावा, पाईपमधली खबर आवाजाच्या वेगापुढं जात नाही. म्हणून मधलं इंजिन राहणार.

२१ डिसेंबर

वह्या सगळ्या शीटमधे आल्या. पायलट काकांना प्रिंट दाखवला, त्यांनी चष्मा लावून एक एक ओळ वाचली आणि दोन जागी वॅगनचा प्रकार दुरुस्त करून दिला. मग म्हणाले, एक कॉलम अजून टाक, मधल्या इंजिनात माणूस होता का नव्हता. टाकला. जिथं फोटोत कॅब दिसते तिथं भरतोय, बाकी ठिकाणी काका आपल्या जुन्या सोबत्यांना फोन लावून विचारतायत, कोण कोणत्या वर्षी मधल्या इंजिनात बसायचं ते. दोघांनी होकार दिलाय, संक्रांतीनंतर घरी या म्हणाले.

उरलेलं काम: मामांच्या राहिलेल्या कॅसेट (दोन बुरशीच्या, एक तुटलेली), निगेटिव्हचं स्कॅनिंग, आणि कळमन्याच्या जुन्या नोंदींना गाडी कोणत्या दिशेनं होती ते लावणं. कॅसेट आधी घेतोय, टेप थांबत नाही कोणासाठी, आणि मामा आहेत तोवर त्यांच्यासोबत बसून ऐकायच्यात.